खिशातला फ्यूज

बाबा आले त्याच्या तिसऱ्या दिवसापासून परत जायचं म्हणत होते. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात माणसाने दिवसभर करायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि इथे दहा वर्षं काढून मला कळलेलं उत्तर एवढंच. गाडी असेल तर सगळं आहे. गाडी नसेल तर दारापुढचं गवत आहे. बाबांकडे गाडी नव्हती, म्हणून ते चालायचे. सकाळी घराला फेऱ्या, दुपारी अंगणाला फेऱ्या, संध्याकाळी स्वयंपाकघरातून हॉल, हॉलमधून त्यांची खोली, खोलीतून परत स्वयंपाकघर. आमचं घर जुनं, लाकडी, खांबांवर उभं. फळ्यांच्या जमिनीवर त्यांचं पाऊल पडलं की घरभर कळायचं. मी आंघोळीला असले तरी मला माहीत असायचं की बाबा आता कुठे पोचले.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. परभणीच्या घरात ते एकटे राहत होते. शेजारच्या काकू दोन वेळचा डबा द्यायच्या आणि सकाळी दूधवाला आला की हाक मारून बघायच्या. मी एकुलती एक. तिकीट जुलैचं होतं. त्यांना त्या दिवशी विमानात बसायचं होतं आणि मला त्यांना इथे ठेवून घ्यायचं होतं. आमच्यातलं भांडण एवढंच, पण ते चहाबरोबर सुरू व्हायचं आणि रात्रीच्या गोळ्यांबरोबर संपायचं.

यात गंमत अशी की माझं पोट याच कामावर चालतं. मी इथल्या हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दुखण्यातून उठलेला म्हातारा माणूस घरी एकटा राहू शकेल का, हे बघायचं आणि कागदावर लिहून सही करायची. मी त्यांना चहा करायला लावते, वार विचारते, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगते. शेतावर एकटे राहणारे, ऐंशी ओलांडलेले, रांगडे लोक माझ्यापुढे शाळकरी पोरांसारखे बसतात. मी त्यांच्याशी फार छान वागते. घरी आले की ती छान बाई गाडीतच राहते.

जून लागला आणि थंडी पडली. इथली थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, कारण ऑस्ट्रेलिया म्हटलं की त्यांना समुद्र दिसतो. आम्ही डोंगरावर. पश्चिमेचा वारा सुटला की तो सरळ हाडांत शिरतो. बाबांची खोली नेमकी पश्चिमेच्या कोपऱ्यातली. स्वेटर, त्यावर नवऱ्याचं जॅकेट, मफलर, कानटोपी अशा अवतारात ते हीटरसमोर उभे राहायचे, बसायचे नाहीत. एक दिवस छताकडे बघून म्हणाले, "या घराच्या डोक्यावर काही नाही."

नवरा स्टूलवर चढला, पॅसेजच्या छतातली माळ्याची झडप उघडून टॉर्च मारला आणि खाली बघून म्हणाला, "बाबा बरोबर आहेत. फळ्या, मग धूळ, मग पत्रा. बस्स."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही हीटर लावून आकाश गरम करत होतो. त्या क्षणी माझ्या अंगात वारं शिरलं. माझं हे असंच आहे. एकदा डोक्यात आलं की मला दम निघत नाही. नवरा म्हणाला, "माणूस बोलवू ना. हाफ डेचं काम आहे." माणूस तीन आठवड्यांनी मिळत होता, आणि तीन आठवड्यांनी बाबा विमानतळावर असणार होते. मी मनात हिशेब मांडला होता: खोली गरम झाली की बाबा राहतील. एवढा बावळट हिशेब मी माझ्या पेशंटच्या मुलींना कधी मांडू दिला नसता.

हार्डवेअरच्या दुकानातला माणूस समजूतदार होता. सीलिंग ज्या आडव्या तुळयांवर ठोकलेलं असतं, त्यांना इथे जॉइस्ट म्हणतात. दोन जॉइस्टमधलं अंतर मोजा, त्या मापाच्या बॅट घ्या, म्हणाला. बॅट म्हणजे काचेच्या लोकरीची जाड गादी, हातभर रुंद आणि माणसाच्या खांद्याएवढी लांब. त्याने तीन गोष्टी बजावल्या. गादी दाबून कोंबायची नाही, कारण दाबली की तिची ऊब जाते. दिव्यांपासून लांब ठेवायची. आणि वर जायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग बघून घ्यायचं, कारण जुन्या घरांचा भरवसा नाही.

ही तिसरी गोष्ट मी घरी येऊन जेवताना सांगितली, तिथेच चुकले.

"इलेक्ट्रिशियन?" बाबा म्हणाले. "मी काय मेलो?"

बाबा वीज बोर्डात लाइनमन होते. चौतीस वर्षं खांबावर. माझ्या लहानपणी पाऊस सुरू झाला की आई जेवण झाकून ठेवायची, कारण वायरी तुटणार आणि बाबा जाणार हे ठरलेलं. त्यांच्या बरोबरीचे काहीजण खांबावरच गेले. बाबा राहिले, आणि त्याचं कारण ते स्वतःच सांगायचे: "मी कुणावर विश्वास ठेवला नाही." कामाला हात घालायच्या आधी फ्यूज स्वतः काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. खाली ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. फ्यूज खिशात असला की जगात कुणाचीही टाप नाही लाइन चालू करायची. आणि वायरला पहिल्यांदा हात लावायचा तो उलटा, पंजाच्या मागच्या बाजूने. झटका बसला की मूठ वळते. सरळ हाताने धरलं तर सुटत नाही, उलटा हात आपोआप मागे येतो. मी हे सगळं बाराखडीच्या आधी शिकले.

"बाबा, इथे लायसन्स लागतं," मी म्हणाले. "तुम्ही वायरला हात लावलात तर बेकायदेशीर आहे ते."

"हात लावायचा नाही, मग गाद्या काय वायरीच्या उरावर घालणार? दबलेली वायर तापते. ती उचलून गादीच्या वर घ्यावी लागते. ते कोण करणार, तू?"

इलेक्ट्रिशियनला फोन केला तर तो पंधरा दिवसांनी येणार होता. मग घासाघीस झाली. बाबा कुठलाही जोड उघडणार नाहीत, चिकटपट्टीसुद्धा लावणार नाहीत. नुसती वायर उचलायची, ती पण दिव्यांचा फ्यूज काढून. मेन बंद करू म्हटलं तर नवऱ्याचं शनिवारचं काम होतं कम्प्युटरवर, आणि बाबा म्हणाले, "मेन कशाला? वर फक्त दिव्यांची लाइन आहे. उगीच हीटर बंद पडेल." घराच्या प्लगांना नवा सेफ्टी स्विच होता, पण दिवे अजून जुन्या, पांढऱ्या चिनी मातीच्या फ्यूजवर चालत होते. तो फ्यूजचा डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा बाबांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, त्यांना गावाकडचं कुणीतरी भेटलं.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या पेशंटला मी स्टूलवरसुद्धा चढू देत नाही. बाबांना मी शिडीवरून माळ्यावर चढू दिलं. कारण सांगते. शनिवारी सकाळी ते वर गेले, दोन तुळयांवर टाकलेल्या फळीवर मांडी घालून बसले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा घरातला पायरव थांबला. ते बसले होते. मला इतकं हायसं वाटलं की बाकी सगळी अक्कल मी खालीच ठेवली.

वर ताठ उभं राहता येत नव्हतं. पत्रा कधी पाठीला लागायचा, कधी डोक्याला. मी मास्क, गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट अशी नटून रांगत होते. नवरा मधूनमधून कम्प्युटर सोडून यायचा आणि शिडीवरून गाद्या वर द्यायचा. पिशवी फाडली की चेपून भरलेली गादी सुस्कारा सोडल्यासारखी फुगायची. ती दोन तुळयांच्या मध्ये ठेवायची, कडा बोटांनी अलगद बसवायच्या. मी अर्थातच दाबत होते. मला फट दिसली की राहवत नाही.

"दाबू नको," बाबा म्हणाले. "दुकानदाराने काय सांगितलं?"

"फट राहते हो."

"मग मापाने काप. ताकद काय लावतेस?"

ते पुढे असायचे. फ्यूज काढल्याचं ते वर येताना मोठ्याने सांगायचे, "दिव्यांचा फ्यूज खिशात," आणि शर्टाच्या खिशावर थाप मारायचे. मग जिथे वायर आडवी आली असेल तिथे आधी उलट्या हाताने तिला शिवायचे, मग उचलायचे, मी खाली गादी सरकवायचे, ते वायर वर ठेवायचे. प्लगवर लावलेला एक हातदिवा आम्ही बरोबर सरकवत नेत होतो. जुन्या वायरींचं रबर कुठेकुठे पापडासारखं झालं होतं. तशी जागा आली की ते वायर हलवायचे नाहीत, तिथे खडूने फुली मारायचे आणि म्हणायचे, "ही तुझ्या लायसन्सवाल्याला दाखव." टोमणा होता, पण खुशीतला.

शनिवारी निम्मं घर झालं. रात्री माझ्या मानेला, मनगटांना अशी खाज सुटली की काचेची लोकर म्हणजे काय ते पुरतं कळलं. दोनदा आंघोळ केली. मी अंथरुणात वळवळत होते आणि नवरा म्हणत होता, "सो जा यार." उत्तरेकडच्या मित्रांत राहून त्याला झोपेत हिंदी येतं. पण पलीकडे बाबांच्या खोलीत शांतता होती. मी पडल्या पडल्या ठरवून टाकलं, आता इमिग्रेशनचा फॉर्म भरायचा, व्हिसा वाढवायचा, उद्या जेवताना विषय काढायचा.

आता खरं ते सांगायला हवं. त्या दोन महिन्यांत मला काहीच दिसलं नव्हतं असं नाही. एकदा ते कोपऱ्यावर दूध आणायला गेले आणि तासाभराने भलत्याच बाजूने आले. म्हणाले, इथले सगळे रस्ते सारखे. आहेतच. आमटीत दोनदा मीठ पडलं. थंडीने नाक बंद, चव कळत नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारला. माणसाला बोलायला कुणी नसेल तर तो काय करेल? माझ्या पेशंटच्या मुली मला हेच सांगतात आणि मी मान हलवत वहीत टिपून घेते. घरी मी काही टिपून घेतलं नाही.

रविवारी सकाळी पुढचं काम झालं. शेवटी बाबांच्याच खोलीवरचा भाग उरला. मध्ये जेवायला खाली उतरलो. बाथरूमला खिडकी नाही, दिवा हवा, म्हणून बाबांनी फ्यूज परत बसवला. पोहे खाल्ले, चहा झाला. मी व्हिसाचा विषय काढणार तेवढ्यात ते उठलेच. "चला, उजेड आहे तोवर उरकू."

वर येताना ते मोठ्याने म्हणाले, "दिव्यांचा फ्यूज खिशात." खिशावर थाप मारली. मी ऐकलं. मी बघितलं नाही. चौतीस वर्षं ज्याची थाप खोटी ठरली नाही, त्याच्या खिशात कोण डोकावतं?

पश्चिमेच्या कोपऱ्यात छत उतरतं. तिथे पोटावर सरपटत जावं लागतं. बाबा पुढे एका कुशीवर टेकले होते. एक वायर आडवी होती. त्यांनी उलट्या हाताने तिला शिवलं. मग दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि माझी वाट बघत थांबले. मी गादी घेऊन सरकत होते. तेवढ्यात त्यांच्या कोपराजवळ, खालच्या फळ्यांमधून, उजेड आला.

दिव्यासाठी सीलिंगला पाडलेलं भोक असतं, त्याच्या कडेने तो पिवळा उजेड वर आला होता. खाली बाबांच्या खोलीत नवरा शिट्टी वाजवत होता. त्याने सवयीने बटण दाबलं होतं, आणि दिवा लागला होता.

बाबा त्या उजेडाकडे बघत होते. वायर त्यांच्या हातात होती. रबर तिथे धड होतं म्हणून, नाहीतर मी आज हे लिहीत बसले नसते. त्यांनी ती हळूच खाली ठेवली, बाळाला ठेवावं तशी. मग मी ओरडले. "बंद कर! दिवा बंद कर! मेन बंद कर!" खालून पळण्याचा आवाज आला, हातदिवा विझला, आणि आम्ही दोघं काळोखात पडून राहिलो. बाबांचा श्वास ऐकू येत होता. माझा त्याहून मोठा होता.

खाली उतरल्यावर ते पॅसेजमध्ये उभे राहून खिसा चाचपत होते. वरचा खिसा, पँटचे दोन्ही खिसे, परत वरचा. रुमाल निघाला, चष्म्याची डबी निघाली. बोटं थांबत नव्हती.

"कुणीतरी परत लावला," ते म्हणाले.

"कुणी?" मी विचारलं.

त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "हा. हा खालीच होता."

"बाबा, मी फ्यूजच्या डब्याकडे गेलोच नाही," नवरा म्हणाला. "आय स्वेअर. मी फक्त खोलीतला हीटर बघायला गेलो होतो."

"मग लागला कसा? मी काढला होता! माझ्या या हातांनी काढला होता!"

ते जावयावर कधी आवाज चढवत नाहीत. नवऱ्याचा चेहरा पडला. आणि मी, जी रोज अशा माणसांशी सबुरीने बोलते, वाद घालायचा नाही हे जिला पहिल्या वर्षी शिकवलं, त्या मी पॅसेजमध्ये नवऱ्यादेखत विचारलं, "तुमच्या खिशात होता ना फ्यूज? मग त्याने लावला कुठून?"

बाबांचा हात परत खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांचाच नियम होता. त्यात दुसऱ्या कुणाच्या चुकीला जागाच नव्हती. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला दिसलं की त्यांना कळलंय. नुसती आजची चूक नाही, त्याहून जास्त काहीतरी. ते खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

उरलेल्या गाद्या मी सोमवारी कामावरून आल्यावर एकटीने लावल्या. मेन बंद, डोक्याला टॉर्च. वायरी जिथल्या तिथे सोडल्या, गाद्या त्यांच्याभोवती कापून बसवल्या. बाबांच्या खोलीवर पोचले तेव्हा खाली त्यांची पावलं ऐकू येत होती. चार पावलं खिडकीपर्यंत, चार परत. मी त्यांच्या डोक्यावर रांगत होते आणि ते माझ्या पोटाखाली चालत होते. मी शेवटची गादी ठेवली तशी पावलं ऐकू येईनाशी झाली, आणि ते बसले की गादीने आवाज गिळला हे मला कळेना.

खोली गरम झाली, ते खरं. मंगळवारी सकाळी त्यांच्या डोक्यावर कानटोपी नव्हती. पण दोन दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले. मी घरभर उगीच फिरत होते. कपाटं आवरली, भांडी घासलेली परत घासली, इमिग्रेशनचा फॉर्म उघडून मिटला. नवरा म्हणाला, "तू पण बाबांसारखी फेऱ्या मारायला लागलीस." मी त्याच्यावर खेकसले.

बुधवारी माझी सुटी होती. नवरा कामावर गेला. बाबा जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "तू दवाखान्यात म्हाताऱ्यांना जे विचारतेस, ते मला विचार."

"कशाला बाबा? काही गरज नाही."

"गरज आहे का नाही ते तू ठरवू नको. कागद आण." मग म्हणाले, "मला परभणीला जायचंय ते का, माहीत आहे? तिथे मला आठवावं लागत नाही. बटण कुठे, काडेपेटी कुठे, रस्ता कुठला, हाताला माहीत आहे, पायाला माहीत आहे. इथे मला सकाळी उठल्यापासून प्रत्येक गोष्ट आठवावी लागते. दमतो मी. वर्षभर झालं मला हे कळतंय. म्हटलं, तुझ्या लक्षात यायच्या आत परत जावं."

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"एक सांगतो," ते म्हणाले. "खांबावर चढायच्या आधी आम्हाला परमिट लागायचं. सबस्टेशनवाला लिहून द्यायचा, लाइन बंद आहे, काम करा. माझा एक जोडीदार खोट्या परमिटवर चढला. ज्याने दिलं तो वाईट माणूस नव्हता. ओळखीतला होता, त्याला वाटलं, काय होतंय, उगीच अडवायचं कशाला. मी दोराने उतरवला त्याला. तेव्हा तू मला लाडात परमिट देऊ नको. जा म्हणायचं तर जा म्हण. नको तर नको म्हण. तू लिहिशील ते मी मानीन."

मी कागद आणला. वार त्यांना आला. महिना आला. तारीख दोनने चुकली, पण इथे त्यांना तारखेचं काय काम? मी तीन शब्द दिले: पेरू, खुर्ची, विहीर. पाच मिनिटांनी पेरू आणि खुर्ची लगेच आली, विहीर थोड्या वेळाने. आकडे उलटे म्हणून दाखवले. मग घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी वाटी उपडी ठेवून गोल काढला, आकडे जिथल्या तिथे लिहिले, लाइनमनचं अक्षर, एकही वाकडा नाही. "आता अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

छोटा काटा अकरावर गेला. मोठ्या काट्याशी पेन्सिल बराच वेळ थांबली. मग त्यांनी तो काढला, दहाच्या आकड्याकडे. पेन्सिल ठेवली, कागद माझ्याकडे फिरवला, आणि विचारलं, "बरोबर आहे ना?"

माझ्या आयुष्यात त्यांनी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"चुकलंय, बाबा," मी म्हणाले. "एकटं राहायला नको आता."

त्यांनी कागद परत स्वतःकडे फिरवला. "बरं," म्हणाले. "तू बरोबर म्हणाली असतीस तर मी विमानात बसलो असतो."

मी त्याच दुपारी तिकीट रद्द केलं. व्हिसा वाढवून मिळाला, त्यालाही आता वर्ष होत आलं. इथल्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या सुरू केल्या, आजाराचं नाव सांगितलं. म्हणजे मी चुकले नव्हते, असं नवरा म्हणतो. पण मी रोज हे काम करते आणि मला माहीत आहे: तसा कागद हॉस्पिटलमधल्या कुणा अनोळखी म्हाताऱ्याचा असता, तर मी लिहिलं असतं, घरी जाऊ शकतात, जवळचं कुणीतरी रोज डोकावत जावं. परभणीत डोकावणाऱ्या काकू होत्या. मी ते लिहिलं नाही. खोटं परमिट फक्त जा म्हणणाराच देतो असं नाही. मला त्यांना ठेवून घ्यायचं होतं, आणि एक काटा चुकला, आणि मी तो धरला.

मागच्या आठवड्यात मीच विचारलं, "बाबा, जाऊन यायचं का परभणीला? मी रजा काढते, दोघं जाऊ." ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. हल्ली बसवलं तिथे बसतात. मला वाटलं, आता उठतील, आता मला झापतील, इतके दिवस कुठे होती तुझी रजा म्हणून.

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले.